झाडांच्या खोलीसाठी हीटर घेताय? आधी थर्मोस्टॅट बघा

थंडीची चाहूल लागली की घरात झाडांसाठी वेगळी खोली ठेवणाऱ्यांचा एकच प्रश्न असतो: कोणता हीटर घेऊ? खरं सांगायचं तर हीटरमध्ये निवडण्यासारखं फारसं काही नाही. 1000 वॅटचा ऑइल हीटर, 1000 वॅटचा फॅन हीटर आणि 1000 वॅटचं पॅनेल हे तिन्ही तासाला एक युनिट वीज खातात आणि सुमारे 860 किलोकॅलरी उष्णता देतात. खोक्यावर ‘कमी विजेत दुप्पट ऊब’ असं छापलं असेल तर तिकडे काणाडोळा करावा. फरक पडतो तो ऊब खोलीत कशी पसरते याने, आणि त्याहून जास्त ती वेळेवर चालू-बंद कोण करतं याने. म्हणून इथे एका वस्तूऐवजी अख्ख्या जोडणीचा रिव्ह्यू आहे: नॉबवाला 11 फिनचा (उभ्या पोकळ पट्ट्यांचा) ऑइल हीटर, इंकबर्डचा आयटीसी-308 हा प्लगमध्ये लावायचा कंट्रोलर (म्हणजे खोलीचं तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा वेगळा थर्मोस्टॅट), एक छोटा पंखा आणि मुळांसाठी हीट मॅट, म्हणजे कुंड्यांखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई. यातल्या एकाच वस्तूवर नीट पैसे खर्च करायचे असतील तर ते कंट्रोलरवर करावेत.

आधी हिशोब, मग खरेदी

खोली किती वॅट मागते हे न काढता हीटर घेतला तर तो हमखास नको तेवढा मोठा घेतला जातो. समजा खोली 3 बाय 3 मीटर, उंची 2.8 मीटर. दोन भिंती बाहेरच्या, 9 इंची विटांच्या. एक खिडकी, 1.8 चौरस मीटरची, एकेरी काचेची. आतल्या-बाहेरच्या तापमानात जितक्या अंशांचा फरक, तितक्या पटीत उष्णता बाहेर जाते. प्रत्येक अंशामागे एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून साधारण 5.7 वॅट जातात, विटांच्या भिंतीतून 2.1 वॅट. म्हणजे खिडकीतून 10 वॅट, दोन भिंतींच्या उरलेल्या 15 चौरस मीटरमधून 31 ते 32 वॅट. तासाला एकदा खोलीतली हवा फटींमधून बदलते असं धरलं तर त्याचे आणखी 8 वॅट. एकूण झाले अंशाला 50 वॅट.

बाहेर 0 अंश आणि आत 18 ठेवायचे असतील तर 50 गुणिले 18, म्हणजे 900 वॅट सतत. वर दुसरा मजला नसेल आणि नुसता काँक्रीटचा स्लॅब असेल तर त्यातून अंशाला आणखी 30 वॅट जातात आणि आकडा 1450 च्या आसपास पोचतो. यावर पाव हिस्सा राखीव धरा. वर मजला असलेल्या खोलीला 1200 वॅट पुरतात, उघड्या स्लॅबखालच्या खोलीला 1800 ते 2000.

खोलीतल्या ग्रो लाइट्सचे (झाडांच्या वाढीसाठी लावलेल्या दिव्यांचे) वॅट यातून वजा करायला विसरू नका. एलईडीची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, त्यामुळे 200 वॅटचे दिवे म्हणजे 200 वॅटचा हीटर. खिडकी नसलेल्या खोलीत तर दिव्यांचा ‘दिवस’ रात्री ठेवावा: संध्याकाळी 8 ला चालू, सकाळी 8 ला बंद. सर्वांत गार तासांना दिवे हीटरचं काम करतात आणि अंधार दुपारी मिळतो. खिडकीतून उजेड येत असेल तर मात्र हा उद्योग करू नये, झाडांना अंधारच मिळणार नाही.

आणि हीटर घेण्याआधी फटी बुजवा. दाराखाली ब्रशची पट्टी, खिडकीच्या चौकटीला फोमची चिकटपट्टी, काचेला आतून बबल रॅप (काचेवर पाणी फवारून फुगे काचेकडे करून दाबला की चिकटतो). थोडा उजेड कमी होतो, पण काचेला टेकलेली पानं गारठून काळी पडणं थांबतं.

ऑइल हीटर: का हाच

ऑइल हीटरमधलं तेल जळत नाही, संपत नाही, बदलावं लागत नाही. तळाशी असलेली कॉइल ते तापवते आणि तेल फिनांमधून फिरतं. तापायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि वीज बंद झाल्यावर तितकाच वेळ तो ऊब सोडत राहतो. बैठकीच्या खोलीत हा संथपणा कंटाळवाणा वाटतो, झाडांच्या खोलीत तोच उपयोगी. हवा पानांवर आदळत नाही, आवाज नाही, धूळ उडत नाही, आणि रात्रभर चालवायला इतर प्रकारांपेक्षा निर्धास्त.

घेताना एकच गोष्ट पक्की बघा: बटणं आणि नॉब यांत्रिक असावेत. डिजिटल डिस्प्लेचे, टच बटणांचे, रिमोटचे हीटर दिसायला छान, पण बाहेरच्या कंट्रोलरने वीज तोडून पुन्हा दिली की त्यातले बरेच स्टँडबायवर जाऊन बसतात. कंट्रोलर ‘चालू’ दाखवतो, हीटर गार. दुकानातच तपासा: हीटर चालू करा, प्लग काढा, दहा सेकंदांनी परत लावा. कुणी बटण न दाबता तो सुरू झाला तरच घ्या.

दुसरी गोष्ट फिनांच्या आकड्याची. 13 फिनच्या काही मॉडेल्सवर 2900 वॅट लिहिलेलं असतं. त्यात 2500 वॅट तेलाचे आणि 400 वॅट मागे बसवलेल्या छोट्या पंख्याच्या हीटरचे. 230 व्होल्टवर 2900 वॅट म्हणजे 12.6 अँपिअर. आयटीसी-308 ची मर्यादा 10 अँपिअर, म्हणजे 220 व्होल्टवर 2200 वॅट (110 व्होल्टच्या मॉडेलवर 1100). म्हणून 13 फिनचा हीटर या कंट्रोलरला पूर्ण ताकदीने लावायचाच नाही. 9 किंवा 11 फिनचा घ्या आणि तोही मधल्या किंवा खालच्या टप्प्यावर चालवा. 900 वॅट लागणाऱ्या खोलीत 2000 वॅटचा टप्पा निम्म्याहून कमी वेळ चालतो आणि दर वेळी तापमान वर उडी मारतं, कारण बंद झाल्यावरही तेलातली ऊब बाहेर पडत राहते. 1000-1200 च्या टप्प्यावर तो जास्त वेळ, पण सावकाश चालतो. चढउतार कमी, आणि कंट्रोलरच्या रिलेवरचा (हीटरची वीज तोडणाऱ्या-जोडणाऱ्या आतल्या स्विचवरचा) ताणही कमी.

नवीन हीटर पहिल्यांदा तापला की रंगाचा आणि तेलकट वास येतो. झाडांच्या खोलीत नेण्याआधी तो दुसरीकडे, खिडक्या उघड्या ठेवून, पूर्ण ताकदीवर काही तास चालवून घ्यावा. ठेवायचा तो नेहमी उभा, खिडकीखाली, कोणत्याही पानापासून किमान 60 सेंटिमीटर लांब. आडवा पडला तर कॉइल तेलाबाहेर येते. टिप-ओव्हर स्विच (हीटर कलंडताच वीज तोडणारा) नसलेलं मॉडेल घेऊ नका.

बाकीच्या प्रकारांचं थोडक्यात. फॅन हीटर खोली पटकन तापवतो, पण समोरची झाडं दोन दिवसांत कडेने करपतात. हीटर बिघडला तर राखीव म्हणून एक असावा, इतकंच. भिंतीवरचं कन्व्हेक्टर पॅनेल चांगलं, जागा वाचवतं, पाण्याच्या शिंतोड्यांसाठी आयपी24 बघून घ्यावं. हरितगृहासाठी मिळणारे नळीसारखे ट्यूब हीटर फुटाला 40 ते 60 वॅट देतात. रॅकच्या खालच्या फळीखाली लावायला ते नामी, अख्ख्या खोलीला अपुरे. हॅलोजन आणि क्वार्ट्झ हीटर हवेऐवजी समोरची वस्तू तापवतात, म्हणजे एका बाजूचं पान भाजतं आणि खोली थंडच. गॅस किंवा रॉकेलवर चालणारं काहीही बंद खोलीत आणू नका. कार्बन मोनॉक्साइड माणसांच्या जिवावर बेतू शकतो, आणि अर्धवट जळणाऱ्या इंधनातला इथिलीन ऑर्किडच्या कळ्या उमलण्याआधीच गाळतो.

खोलीत आधीपासून गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी असेल तर बिलाच्या दृष्टीने त्याच्या तोडीचं काही नाही. मध्यम थंडीत तो एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता आत आणतो. बाहेर पारा जितका खाली, तितका हा फायदा घटतो, आणि बाहेरच्या युनिटवर साचलेला बर्फ वितळवायला तो अधूनमधून काही मिनिटं थांबतो. झोत छताकडे वळवून ठेवा.

आयटीसी-308: खरा कारभारी

ऑइल हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतोच, मग वेगळा कशाला? कारण नॉबवर अंश लिहिलेले नसतात, तो हीटरच्या अंगालगतचं तापमान मोजतो, आणि चालू-बंदमध्ये तीन ते पाच अंशांचं अंतर ठेवतो. झाडं खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतात.

आयटीसी-308 ला दोन सॉकेट असतात, एक हीटिंगचं, एक कूलिंगचं, आणि सुमारे 2 मीटर वायरीच्या टोकाला सेन्सर. सेट बटण दाबून धरलं की मेनू उघडतो. त्यातले संक्षेप पहिल्यांदा गोंधळात टाकतात, पण कामाचे चारच. टीएस म्हणजे हवं ते तापमान: 19 ठेवा. एचडी म्हणजे किती अंश खाली गेल्यावर हीटर सुरू करायचा: मूळ सेटिंग 2 असतं, ते 1 करा. म्हणजे 18 ला हीटर सुरू होतो आणि 19 ला बंद. ऑइल हीटरसोबत एचडी 0.3 पर्यंत खाली नेण्यात अर्थ नाही, रिले उगाच टकटक करत राहते आणि तेलातल्या ऊबेमुळे तापमान तरीही अर्धा-एक अंश पुढे जातंच. एएच आणि एएल हे वरच्या आणि खालच्या धोक्याचे आकडे: 27 आणि 14. पीटी कंप्रेसर वाचवण्यासाठी असतो आणि फक्त कूलिंगला लागू होतो, हीटरसाठी त्याकडे बघायचं कारण नाही.

सीए म्हणजे सेन्सरची चूक दुरुस्त करणं. ठेचलेला बर्फ पेल्यात गच्च भरा, फटी भरतील इतकंच पाणी ओता, सेन्सरचं टोक मधोमध धरून हलवत राहा. पाच मिनिटांनी आकडा 0.6 दाखवत असेल तर सीए उणे 0.6 करा.

सेन्सर कुठे टांगायचा, यावर सगळं अवलंबून आहे. पानांच्या उंचीवर, रॅकच्या मधल्या फळीच्या बाजूला, हवेत लोंबता. भिंतीला टेकवू नका, भिंत गार असते. दिव्याखाली नको, ऊन येतं तिथे नको, हीटरसमोर नको. वायर दोन ठिकाणी केबल टायने बांधा. ती सुटून सेन्सर गार फरशीवर पडला तर कंट्रोलरला वाटत राहतं की खोली थंडच आहे, आणि हीटर थांबत नाही. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर मात्र आयटीसी-308 डिस्प्लेवर एररची खूण दाखवतो, बझर वाजवतो आणि दोन्ही सॉकेट बंद करतो. हे वागणं बरोबर आहे: एखादी रात्र गारठा झाडं सोसतात, 45 अंशांची बंद खोली सोसत नाहीत.

आता उणी बाजू. धोक्याची सूचना म्हणजे फक्त बझर. घरात कुणी नसेल तर तो भिंतींनाच ऐकू येतो. वाय-फायवालं मॉडेल फोनवर कळवतं, पण वीज गेली की राउटरही जातो आणि नेमकं तेव्हाच ते गप्प बसतं. त्याहून मोठी उणीव म्हणजे आत हीटरसाठी एकच रिले. रिलेचे संपर्क वर्षानुवर्षं मोठा करंट तोडून-जोडून झिजतात आणि कधीतरी एकमेकांना चिकटतात. मग डिस्प्ले ‘बंद’ म्हणतो आणि हीटर चालूच राहतो. या किमतीच्या सगळ्याच कंट्रोलरचं हे दुखणं आहे, आणि त्यावर इलाज हीटरच्या नॉबमध्येच असतो. पहिल्या दिवशी कंट्रोलरशिवाय, नॉब पूर्ण उघडून, खोली 24 अंशांपर्यंत तापू द्या. मग नॉब हळूहळू मागे फिरवा. जिथे ‘टक्’ असा आवाज येऊन दिवा विझतो तिथेच तो सोडा आणि मार्करने खूण करा. आता कंट्रोलर 19 ला बंद करतो, आणि तो अडकलाच तर नॉब 24-25 च्या आसपास अडवतो. नॉब पूर्ण उघडा ठेवून सगळा भार कंट्रोलरवर टाकणं हा या जोडणीतला सर्वांत धोकादायक आळस.

कंट्रोलर थेट भिंतीतल्या मोठ्या, 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा, मधे एक्स्टेन्शन बोर्ड नको. मागची वायर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. हीटर तासभर चालल्यावर तो बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट लागलं तर ठीक. हात टिकत नसेल किंवा पिनेच्या मुळाशी तपकिरी छटा दिसत असेल तर सॉकेटची पकड सैल झाली आहे, ते आधी बदला.

पंखा, मॅट आणि दमटपणा

गरम हवा छताशी जाते. उंच रॅकच्या वरच्या फळीवर 22 आणि खालच्या फळीवर 17 हे चित्र नेहमीचं. सहा इंची क्लिप फॅन सर्वांत कमी वेगावर, छताजवळ, तोंड समोरच्या भिंतीकडे करून चोवीस तास चालू ठेवला की हा फरक अंश-दोन अंशांवर येतो. खायला त्याला 10-15 वॅट पुरतात. एखादं पान थरथरत असेल तर झोत चुकीच्या दिशेला आहे.

हीट मॅट खोली तापवत नाही, आणि त्याची अपेक्षाही करू नये. 25 बाय 50 सेंटिमीटरची मॅट सुमारे 20 वॅटची असते. तिचं काम कुंडीतलं मिश्रण हवेपेक्षा 5 ते 10 अंश वर ठेवणं. मुळं 15 अंशांखाली गेली की पाणी ओढणं मंदावतं, मिश्रण ओलंच राहतं आणि मुळं कुजतात. हिवाळ्यात ‘जास्त पाण्याने गेलं’ म्हणतात त्यातली बरीच झाडं खरं तर गार मुळांनी जातात. कलमं, बिया आणि लहान कुंड्यांसाठी मॅट उत्तम. 20 सेंटिमीटरपेक्षा मोठ्या कुंडीत ऊब तळातच अडकते, तिथे पैसे वाया. मॅटला वेगळा थर्मोस्टॅट लावा, सेन्सर मिश्रणात 4-5 सेंटिमीटर खोल, 22 ते 24 वर. मॅटखाली इंचभर जाडीचा थर्मोकोल हवाच, नाहीतर निम्मी ऊब फळीत जाते. आणि मॅटवरचं मिश्रण तळाकडून सुकतं, त्यामुळे वरून बोट लावून अंदाज चुकतो. कुंडी उचलून वजनावर पाणी द्या.

दमटपणाचं गणित लोक विसरतात. बाहेरची 0 अंशाची, 80 टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन 18 अंशांना तापली की तिची आर्द्रता 24 टक्क्यांवर येते. हीटर पाणी ‘खात’ नाही, तापलेल्या हवेची भूक वाढते. मग ह्युमिडिफायर येतो, आणि तो खोली थंड करतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास 0.7 युनिट उष्णता लागते आणि ती खोलीतूनच जाते. तासाला 300 मिलिलिटर सोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र म्हणजे 200 वॅटचा उलटा हीटर. हे वॅट वरच्या हिशोबात मिळवा. अशा यंत्रात जड पाणी घातलं तर पानांवर पांढरी पूड बसते, आरओचं पाणी वापरा.

पण 60 टक्क्यांचा हट्टही महागात पडतो. 18 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेला दवबिंदू 10 अंशांचा, म्हणजे त्याहून गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी थेंब होऊन जमतं. बाहेर 0 असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग 5 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे रात्रभर पाणी ओघळणार, चौकट कुजणार, मागच्या भिंतीला बुरशी धरणार. दुहेरी काचेचा पृष्ठभाग 11 अंशांपर्यंत राहतो आणि कोरडा निभावतो. एकेरी काच असेल तर 45 टक्क्यांवर समाधान माना, आणि ज्या अँथुरियमना जास्त हवं त्यांना बंद काचेच्या कपाटात हलवा. 40 च्या खाली मात्र जाऊ देऊ नका, ऊबदार कोरड्या हवेत पानामागे कोळी किडीची जाळी लगेच दिसू लागते.

19 सगळ्यांना चालतं का

मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, पोथॉस यांना चालतं. अ‍ॅग्लोनेमा सर्वांत नाजूक: 13 अंशांखाली जुन्या पानांवर तेलकट करडे डाग येतात आणि ते परत जात नाहीत. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला रात्री 16 ते 18 मिळाले तर उलट बरं, फुलांचा दांडा गारव्यातच सुटतो, तिला खालच्या फळीवर जागा द्या. स्नेक प्लँट आणि झीझी कोरडे ठेवले तर 12 वरही तक्रार करत नाहीत. कॅक्टस या खोलीत नकोतच. त्यांना थंडीत कोरडी, 10 अंशांच्या आसपासची विश्रांती लागते, ऊब दिली की ते लांबुडके वाढतात आणि पुढे फुलत नाहीत.

वीज गेली तर

घरगुती इन्व्हर्टरवर हीटर चालवायचा विचार सोडा. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची असते. 900 वॅट मागणारी खोली ती दोन तासही सांभाळणार नाही. खोलीत पाण्याचे ड्रम ठेवून ऊब साठवण्याचा सल्लाही ऐकू येतो. 20 लिटर पाणी 20 वरून 12 अंशांवर येताना जेमतेम 0.19 युनिट देतं, त्यापेक्षा ती जागा झाडांना द्या. इन्व्हर्टरवर फक्त मॅट ठेवा. दोन मॅटचे 40 वॅट ती बॅटरी रात्रभर सहज ओढते. वीज गेल्या गेल्या रॅकवरून जाड प्लॅस्टिक किंवा चादर थेट जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे मॅटची ऊब आतच राहील, आणि पंखा व ह्युमिडिफायर बंद करा. वीज आल्यावर खोली 18 ला पोचेपर्यंत पाणी देऊ नका, आणि मग द्याल ते पाणी नळाचं गार नको, 20 ते 25 अंशांचं असू द्या.